लॉगिन, चालू कास्तकार, अर्धी पावती : वेब ॲपात हे सगळं ठेवावं तरी कुठं?

वावरातला_डेव्हलपर, राळेगाव

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहून राह्यलो, पण पूर्ण वाचा अन् मंग सांगा. आमच्या भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी कापसाची खेडा खरेदी करते, चार गावांत सेंटर आहेत, त्यांच्यासाठी मी मागच्या वर्षी वेब ॲप बनवलं. साधं पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर बऱ्याच साइट), फ्रेमवर्क वगैरे काही नाही. दोन सेंटरवर लॅपटॉप, दोनवर जुना कॉम्प्युटर, नेट ऑपरेटरच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. एका मशीनवर सकाळी एक पोरगा बसते, दुपारून दुसरा.

काम असं चालते. गाडी आली की ऑपरेटर लिस्टमधून कास्तकार निवडते, भरल्या गाडीचं वजन टाकते, ओलावा टाकते, मंग गाडी गंजीकडं जाते, खाली होते, परत काट्यावर येते, रिकाम्या गाडीचं वजन टाकलं की निव्वळ कापूस निघते, सेव्ह केलं की पावती. भरलं वजन अन् रिकामं वजन यात कधी अर्धा तास जाते, हमाल कमी असले तर दीड तास.

दुखणी तीन आहेत. एक म्हणजे गाडी खाली होऊन आली, रिकामं वजन टाकलं, सेव्ह दाबलं की लॉगिनचं पान येते, टाकलेलं सगळं गेलं. दुसरं, लाइन गेली की टावर बी जाते, कॉम्प्युटर बंद, फॉर्म गेला, भरलं वजन कागदावर लिहिलं नसलं तर आता ते आणायचं कुठून, गाडी तर खाली झाली. तिसरं सगळ्यात वाईट. एका म्हाताऱ्या कास्तकाराचा १४ क्विंटल ६० किलो कापूस दुसऱ्याच माणसाच्या नावावर चढला. त्याले वाचता येत नाही, घरी नातीनं पावती वाचली तेव्हा समजलं की नाव आपलं नाहीच. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ धरला तर १ लाख ९ हजार ८०६ रुपयांचा माल होते तो. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले नव्हते म्हणून निस्तरलं, पण त्या बाबाचं तोंड पाह्यलं अन् मले दोन रात्री झोप नाई आली.

आता एक दोस्त म्हणते की सेशनच (लॉगिन केलेला माणूस कोण, ही सर्व्हरवरची नोंद) काढून टाक, जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही करून दिलेलं ओळखपत्र, म्हणजे टोकन) कर, ते टोकन अन् चालू माहिती सगळी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात ठेव, तिन्ही दुखणी जातात. हंगाम सुरू व्हायले महिनाभर आहे. करू का?

कोडर_वरूड

दोस्तानं बरोबर सांगितलं भाऊ. मी संत्रा मंडीसाठी दोन ॲप बनवले, दोन्हीत टोकन लोकलस्टोरेजमध्ये. सर्व्हरवर काही ठेवायचं नाही, ३० दिवसांची मुदत दिली की कोणी लॉगआउट होत नाही, सर्व्हर बदलला तरी चालते. सेशन म्हणजे जुनं काम झालं. मोबाइल ॲप काढलं तर तेच टोकन तिथंही चालते, हे बी पाहा.

जुना_पीएचपीवाला, अकोट

थांबा, घाई नका करू. आधी दुखणं काय ते पाहू, औषध नंतर.

पहिलं दुखणं तर मी इथूनच सांगतो. पीएचपीच्या सेटिंगमध्ये सेशनचा कचरा काढायची मुदत असते, ती मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तुमची गाडी खाली व्हायला अर्धा तास. २४ मिनिटं त्या सेशनला कोणी हात लावला नाही की त्याची सर्व्हरवरची फाइल कचरा समजून कधीही पुसली जाऊ शकते. कधी जाते कधी नाही, म्हणून तुम्हाला ते भूत वाटत असेल. आणि शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे, सगळ्या साइटच्या सेशन फाइली एकाच फोल्डरात पडत असतील तर तुम्ही मुदत आठ तास केली तरी शेजारच्या साइटची २४ मिनिटंच आहे, आणि तिचा झाडू तुमच्याही फाइली घेऊन जातो. म्हणून स्वतःचं वेगळं फोल्डर द्या, नाहीतर सेशन डेटाबेसात ठेवा. एवढं केलं तरी पहिलं दुखणं बहुतेक मिटते, त्यासाठी जेडब्ल्यूटी कायले पाह्यजे?

दुसरी गोष्ट, कोडरभाऊ, जुनं म्हणून वाईट असं नसते. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमानं बोलतात त्याला, मुळात आठवण नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी नवा माणूस. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू मोंटुली यांनी कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली, दर रिक्वेस्टसोबत सर्व्हरकडं जाणारी छोटी चिठ्ठी) आणली ती कशासाठी, तर एका ग्राहक कंपनीला दुकानातली अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर ठेवायची नव्हती, ती गिऱ्हाइकाच्याच मशीनवर ठेवता येईल का म्हणून. म्हणजे तीस वर्षांआधी भांडण हेच होतं, अर्धवट व्यवहार कोणाच्या घरी ठेवावा. तुमच्या गाडीचं भरलं वजन म्हणजे तोच अर्धवट व्यवहार.

वर्धेची_टेस्टर

राळेगाववाले दादा, मला तिसऱ्या दुखण्याबद्दल विचारायचं आहे, कारण पहिली दोन गैरसोय आहेत आणि तिसरं म्हणजे एखाद्याचा घास जाणं आहे. तो कापूस चुकीच्या नावावर चढला त्या दिवशी ऑपरेटरनं ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले होते का? एक गाडी खाली होत होती तोवर दुसरी काट्यावर होती का? आणि तुमच्या कोडमध्ये निवडलेला कास्तकार कुठं ठेवता, फॉर्ममध्ये की सेशनमध्ये? तेवढी ओळ बघून सांगा.

वावरातला_डेव्हलपर, राळेगाव

ताई, आज सेंटरवरच जाऊन आलो. पोराले विचारलं तर म्हणे दोन काय, चार-चार टॅब उघडे असतात, प्रत्येक गाडीचा एक. मी त्याले कधी असं सांगितलं नव्हतं, पण त्याच्याजवळ दुसरा इलाजच नाही, मागं बंड्यांची रांग असते.

अन् कोड पाह्यला. लिस्टमधून कास्तकार निवडला की त्याचा नंबर मी सेशनमध्ये टाकतो, चालू_कास्तकार म्हणून. सेव्हच्या वेळी तिथूनच उचलतो. फॉर्ममध्ये फक्त वजन, ओलावा.

लिहिता लिहिताच समजलं मले.

वर्धेची_टेस्टर

हो, तेच आहे. तरी सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण ही चूक मी पाच-सहा ॲपांत पकडली आहे, बचत गटाच्या कर्ज हप्त्याच्या ॲपात तर अगदी अशीच.

सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नसतं. सेशनचा आयडी असलेली कुकी एकच, ती चारही टॅबमधून जाते. पहिल्या टॅबमध्ये आजोबांना निवडलं, सेशनमध्ये आजोबांचा नंबर बसला. गाडी खाली व्हायला गेली. दुसऱ्या टॅबमध्ये दुसरा कास्तकार निवडला, त्याच खणात त्याचा नंबर बसला, आजोबांचा पुसला. आता पहिल्या टॅबवर नाव आजोबांचंच दिसतं आहे, कारण ते पान आधीच काढलेलं आहे, ऑपरेटर विश्वासानं रिकामं वजन टाकून सेव्ह करतो आणि सर्व्हर सेशनमधून दुसऱ्याचा नंबर उचलतो. पोराची यात काहीच चूक नाही, त्याला ओरडला असाल तर जाऊन सांगा.

आणि हे लोकलस्टोरेजनं सुटणार नाही. लोकलस्टोरेजसुद्धा त्या साइटच्या सगळ्या टॅबमध्ये एकच असतं. चालू_कास्तकार तिथं ठेवला असता तर आजोबांचा कापूस तसाच गेला असता. सेशनस्टोरेज (ब्राउझरचाच दुसरा साठा) मात्र टॅबगणिक वेगळं असतं, टॅब बंद झाला की जातं, पण टॅबची डुप्लिकेट काढली की त्यातलं सगळं नव्या टॅबमध्ये कॉपी होतं, म्हणून त्याच्यावरही मी टेकणार नाही. या पानावर जे काम चाललं आहे ते त्या पानातच असावं, यूआरएलमध्ये पावतीचा नंबर आणि फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये (पानावर न दिसणाऱ्या खणात) कास्तकाराचा नंबर.

कोडर_वरूड

ताई टॅबचं पटलं, माझ्या मंडीच्या ॲपातही निवडलेला व्यापारी लोकलस्टोरेजमध्येच आहे, आता तो पाहावा लागते. पण हिडन फील्ड तर कोणीही बदलू शकते ना? सेशनमध्ये ठेवायचं कारणच ते होतं की युजरच्या हातात नको.

सर्व्हर_पाहणारा, अकोला

बदलू शकते, बदलू द्या. सर्व्हरनं फॉर्ममधल्या नंबरवर विश्वास ठेवायचाच नाही, दोन गोष्टी पाहायच्या. हा ऑपरेटर कोण, हे सेशनवरून. अन् या ऑपरेटरला या सेंटरच्या या कास्तकाराची नोंद करायचा अधिकार आहे का, हे डेटाबेसवरून. नसला तर नोंद परत. माणूस कोण हे सेशनचं काम, तो आत्ता काय करून राह्यला हे रिक्वेस्टचं काम. हे दोन एका पिशवीत टाकले की असंच होते.

आता टोकनवर बोलतो, कारण ३० दिवसांचं टोकन वाचून मी दचकलो. जेडब्ल्यूटी वाईट चीज नाही, २०१५ पासून आरएफसी ७५१९ (इंटरनेटच्या नियमांचा कागद) म्हणून त्याचं स्टँडर्ड आहे, पण ते कशासाठी आहे हे पाहा. त्यावर सही असते, कुलूप नसते. आतली माहिती साध्या बेस६४ सारख्या रूपात असते, कोणीही उलगडून वाचू शकते, मी एका ॲपच्या टोकनात कास्तकाराचा मोबाइल नंबर पाह्यला आहे. दुसरं म्हणजे एकदा दिलं की मुदत संपेपर्यंत ते चालते. समजा दिवाळीत एका ऑपरेटरचं अन् कंपनीचं भांडण झालं, त्याले काढलं, त्याच्या मोबाइलमध्ये टोकन आहे, तो आणखी तीन आठवडे पावत्या फाडू शकते. ते थांबवायचं तर सर्व्हरवर रद्द टोकनांची यादी ठेवा अन् प्रत्येक रिक्वेस्टला ती तपासा, मंग ते सेशनच झालं ना? सेशनमध्ये एक ओळ डिलीट केली की माणूस बाहेर. चार सेंटर, आठ ऑपरेटर, एक सर्व्हर, इथं सर्व्हरवर काही न ठेवण्यात फायदा काय आहे?

अन् लोकलस्टोरेजमधलं टोकन पानावरची कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते. कोणी कास्तकाराच्या नावाच्या फील्डमध्ये स्क्रिप्ट टाकली अन् तुम्ही ते न तपासता छापलं, की टोकन गेलं बाहेर. कुकीला एचटीटीपीओन्ली लावलं तर जावास्क्रिप्टला ती दिसतच नाही. अशी घुसलेली स्क्रिप्ट त्याच पानावरून उद्योग करू शकते हे खरं, पण किल्ली तरी घरी घेऊन जात नाही. तेव्हा कुकीवर एचटीटीपीओन्ली, सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाते) अन् सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक रिक्वेस्टसोबत जात नाही), तिन्ही लावा. क्रोमनं २०२० पासून सेमसाइट दिलं नसलं तर लॅक्स धरायला सुरुवात केली, तरी आपण स्वतः लिहावं. फॉर्मला सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटनं आपल्या नावानं फॉर्म पाठवू नये म्हणून गुप्त खूण) ठेवाच. अन् लॉगिन झालं की सेशनचा आयडी नवा काढा, एकाच मशीनवर दोन माणसं बसतात तिथं तर हे विसरूच नका.

काट्यावरचा_माणूस

मी डेव्हलपर नाही. दुसऱ्या एका खरेदीवर काटा पाहतो, पांढरकवड्याच्या बाजूले. हा धागा एका मित्रानं पाठवला म्हणून लिहून राह्यलो, चुकलं तर माफ करा.

तुम्ही लोक म्हणता ऑपरेटर लॉगिन करते, लॉगआउट करते. आमच्याकडं कोणी लॉगआउट करत नाही. सकाळचा पोरगा जेवायले उठला की दुपारचा त्याच लॉगिनवर बसते, कारण मागं तीस गाड्या उभ्या असतात अन् पासवर्ड टाकत बसलं तर लोक ओरडतात. अन् दुपारी दोनले जेव्हा माणूस बदलते तेव्हा चार-पाच गाड्या अर्ध्या असतात, भरलं वजन सकाळच्यानं घेतलं, रिकामं दुपारचा घेते. ॲप जर म्हणन की ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवा तर ते आमच्या काही कामाचं नाही. आमच्या इथं म्हणून भरलं वजन भिंतीवर खडूनं लिहितो, गाडी नंबर अन् वजन. लाइन गेली तरी भिंत कुठं जात नाही.

जुना_पीएचपीवाला, अकोट

काटेवाले भाऊ, माफी कायची, तुम्ही या धाग्यातलं सगळ्यात कामाचं सांगितलं.

मी काल रात्री राळेगाववाल्यांना लिहिणार होतो की अर्धा फॉर्म ऑपरेटरच्या आयडीला बांधून ब्राउझरमध्ये ड्राफ्ट म्हणून ठेवा. बरं झालं नाही लिहिलं. कारण ती अर्धी पावती ऑपरेटरची नाहीच! ती गाडीची आहे, त्या सेंटरची आहे. सकाळचा सुरू करते, दुपारचा संपवते, मंग ती एकाच्या लॉगिनला बांधून कशी चालेल? आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं भरलं वजन, त्याला आपण ड्राफ्ट, स्टेट वगैरे नावं देऊन राह्यलो, पण ती तर पक्की नोंद आहे. काट्यानं ते वजन दाखवलं, कास्तकारानं डोळ्यांनं पाह्यलं, गाडी खाली झाल्यावर ते परत घेता येत नाही. असली गोष्ट सेशनमध्ये नाही, फॉर्ममध्ये नाही, सरळ डेटाबेसच्या टेबलात जायला पाह्यजे, भरलं वजन घेतल्या घेतल्या. त्या ओळीची स्थिती 'अर्धी', भरलं वजन कोणी घेतलं त्याचा आयडी, किती वाजता. रिकामं वजन आलं की तीच ओळ 'पूर्ण', रिकामं कोणी घेतलं त्याचा आयडी वेगळ्या कॉलमात. सेंटरचं पान उघडलं की अर्ध्या गाड्यांची यादी समोर. तीच तुमची भिंत.

मंग सेशनमध्ये काय उरलं? ऑपरेटर कोण अन् कोणत्या सेंटरवर, एवढंच. ते गेलं तरी परत लॉगिन करून पुढं काम सुरू, कोणाचं काही बुडत नाही. मी तर म्हणतो सेशन कधीही पुसलं गेलं तरी कास्तकाराचा एक किलोही इकडचा तिकडं होऊ नये, अशी मांडणी पाह्यजे.

वावरातला_डेव्हलपर, राळेगाव

काका हे एकदम डोक्यात बसलं. मी वर्षभर याले फॉर्म समजत होतो.

पण लाइन अन् टावर गेल्यावर काय? भरलं वजन घेतल्या घेतल्या सर्व्हरवर पाठवायचं तर नेट पाह्यजे. आमच्याकडं दुपारी तासभर नेट नसणं काही नवं नाही.

कोडर_वरूड

इथं माझं थोडं काम झालेलं आहे, संत्र्याच्या बागेत तर नेट नसतेच, अंबिया बहाराच्या तोडणीच्या वेळी आम्ही नोंदी बांधावरून घेतो. ब्राउझरमध्ये ठेवा, नेट आलं की पाठवा. पण लोकलस्टोरेज नको, इंडेक्सडीबी (ब्राउझरमधलाच छोटा डेटाबेस) वापरा. लोकलस्टोरेजमध्ये साधारण ५ एमबी मावते, तुम्हाला ते पुरते, जागेचा प्रश्न नाही. प्रश्न असा की त्यात फक्त मजकूर बसते, मंग आपण सगळ्या नोंदींची एक मोठी जेसन (मजकुराच्या रूपातली यादी) बनवून एका खणात टाकतो. आता चार टॅब उघडे, दोन टॅबनं एकाच वेळी ती जेसन वाचली, आपापली नोंद जोडली अन् परत लिहिली, तर ज्यानं शेवटी लिहिलं त्याचीच राहते, पहिल्याची नोंद गायब. आमच्याकडं एका कास्तकाराचे ३२ कॅरेट असेच गेले होते. इंडेक्सडीबीत प्रत्येक नोंद वेगळी बसते, ट्रान्झॅक्शन असते (एकाचं लिहिणं संपलं की मंग दुसऱ्याचं), हा घोळ होत नाही.

अन् नोंद बनते तेव्हाच ब्राउझरमध्ये तिला यूयूआयडी (दुसऱ्या कोणत्याच नोंदीचा नसणारा नंबर) द्या, सर्व्हरच्या टेबलात त्या कॉलमवर युनिक (तोच नंबर दुसऱ्यांदा चालत नाही असं) लावा. नेट कमजोर असलं की रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचते पण उत्तर परत येत नाही, ॲपला वाटते गेलीच नाही, ते परत पाठवते, अन् एका गाडीच्या दोन नोंदी होतात. यूयूआयडी तीच असली की सर्व्हर म्हणते ही आलेली आहे, ठीक. ऑपरेटरनं सेव्ह तीनदा दाबलं तरी एकच.

नेट आहे का नाही हे ब्राउझरच्या ऑनलाइन-ऑफलाइन खुणेवरून ठरवू नका. हॉटस्पॉट जोडलेला असला की तो ऑनलाइनच सांगते, मंग त्या मोबाइलले टावर असो नसो. सर्व्हरकडून 'मिळालं' असं उत्तर आलं तरच नोंद पोचली समजा.

वर्धेची_टेस्टर

कोडरभाऊंच्या सगळ्याला माझा होकार, फक्त ब्राउझरमधली नोंद म्हणजे तिजोरी समजू नका. डिस्क भरत आली की ब्राउझर स्वतःहून जुन्या साइटचा साठा काढतो, स्टोरेज पर्सिस्ट (साठा काढू नको अशी ब्राउझरची परवानगी) मागून ठेवलं तर धोका कमी होतो. आयफोनच्या सफारीत तर सफारी वापरल्याच्या सात दिवसांत त्या साइटला हात लागला नाही की स्क्रिप्टनं ठेवलेलं पुसलं जातं, हे २०२० पासून आहे. इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडलं तर खिडकी बंद करताच सगळं गेलं, आणि सेंटरवरची मुलं इन्कॉग्निटो उघडतात, मी पाहिलं आहे. म्हणून न पोचलेल्या नोंदींचा आकडा वर लाल रंगात दिसूच द्या, "३ गाड्या अजून पोचल्या नाहीत" असा. ऑपरेटरला ते दिसलं की तो मशीन बंद करण्याआधी थांबतो.

लॉगआउटचंही नीट बघा. शेअर केलेल्या मशीनवर लॉगआउट करताना सगळं साफ करायचं म्हणून काही लोक क्लिअर-साइट-डेटा हेडरमध्ये (साइटचा साठा पुस, ही सर्व्हरची ब्राउझरला सूचना) स्टोरेज लिहितात. त्यानं इंडेक्सडीबीसुद्धा साफ होते, न पोचलेल्या गाड्यांसकट! आधी नोंदी पोचवा, मगच साफ करा. कुकी मात्र लगेच काढा.

आणि एक विनंती. ब्राउझरच्या नोंदीत कास्तकाराचा आधार नंबर, बँक खातं काही ठेवू नका, त्या मशीनवर कोणीही बसतं. सभासद नंबर आणि नाव पुरे. यूआरएलमध्येही मोबाइल नंबर नको, तो ब्राउझरच्या हिस्ट्रीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो, मुलं लिंक व्हॉट्सॲपवर टाकतात. गाव, तारीख, पानाचा नंबर असलं यूआरएलमध्ये बिनधास्त ठेवा, तिथं तर ते असायलाच पाहिजे, म्हणजे सचिव "कालची यादी पाठव" म्हणाले की लिंक पाठवता येते.

सर्व्हर_पाहणारा, अकोला

लॉगिनच्या रांगेचं मी सांगतो, काटेवाल्या भाऊंनी मांडलं ते खरं आहे. पासवर्ड लांब असला तर कोणी माणूस बदलणार नाही. मशीनचं सेशन दिवसभराचं ठेवा, अन् बसणारा माणूस बदलला की चार आकड्यांचा पिन. पिन टाकला की सेशनमधला ऑपरेटर बदलते, आयडी नवा निघते, अर्ध्या गाड्यांची यादी तशीच राहते कारण ती सेंटरची आहे. चार आकडी पिन त्या मशीनच्या बाहेरून चालता कामा नये अन् पाच चुकीच्या वेळा झाल्या की पूर्ण पासवर्ड मागावा, एवढं सांभाळा.

अन् पीएचपीच्या फाइल सेशनला कुलूप असते, एका टॅबची रिक्वेस्ट संपेपर्यंत दुसऱ्या टॅबची थांबते. चार टॅबवाल्या पोराले ॲप हळू वाटत असन तर ते यामुळं. कोण आहे ते वाचलं की सेशनची फाइल लगेच सोडा (लॉगआउट नाही), बाकीचं काम नंतर.

वावरातला_डेव्हलपर, राळेगाव

अडीच आठवड्यांनी लिहून राह्यलो. जेडब्ल्यूटी नाही केलं. सेशन डेटाबेसात नेलं, मुदत १२ तास, त्यात ऑपरेटर अन् सेंटर एवढंच. चालू_कास्तकार कोडमधून शोधून शोधून काढला, ११ जागी निघाला, त्यात एका जागी तर पावती छापताना बी तिथूनच नाव उचलत होतो. अर्ध्या गाड्यांचं टेबल केलं. इंडेक्सडीबी, यूयूआयडी, लाल आकडा, सगळं झालं. पिन झाला.

मंग सेंटरवर बसून मुद्दाम त्रास दिला. चार टॅबमध्ये चार कास्तकार, उलट्यासुलट्या क्रमानं सेव्ह. बरोबर. मधेच मोबाइलचा डेटा बंद, तीन गाड्या घेतल्या, कॉम्प्युटरचा सरळ प्लग उपटला, चालू केला, डेटा सुरू केला, तिन्ही पोचल्या, एकही डबल नाही. सकाळच्यानं भरलं घेतलं, दुपारच्यानं पिन टाकून रिकामं घेतलं, टेबलात दोघांचे आयडी वेगवेगळे. पावतीवर आता कास्तकाराचं नाव मोठ्या अक्षरात अन् ऑपरेटरनं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं असं कंपनीनं ठरवलं, हे माझ्या कोडात नाही पण सगळ्यात चांगलं तेच झालं. त्या पोराले जाऊन सांगितलं की चूक तुझी नव्हती. काही बोलला नाही, चहा पाजला.

एक राह्यलं. भाव. ऑफलाइन घेतलेली गाडी संध्याकाळी पोचली अन् दरम्यान कंपनीनं भाव बदलला तर कोणता लावू? ब्राउझरमध्ये सकाळचा भाव नोंदीसोबत ठेवू का?

जुना_पीएचपीवाला, अकोट

रक्कम ब्राउझरमधून घेऊ नका. भावाचं टेबल सर्व्हरवर ठेवा, कोणत्या वेळेपासून कोणता भाव ते लिहून, आणि गाडीच्या भरल्या वजनाच्या वेळेवरून सर्व्हर भाव काढेल. ब्राउझरमध्ये दिसणारा भाव नुसता दाखवायपुरता, पण तोही नोंदीसोबत पाठवा, दोन्ही जुळले नाहीत तर ती पावती थांबवून सचिवाकडं जाऊ द्या. जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र पाहा, आतला सेल गेला असला की लाइन आल्यावर तारीख मागं जाते. सर्व्हरची वेळ शेवटची कधी मिळाली होती तेही नोंदीत टाका, फरक मोठा दिसला की अडवा.

काट्यावरचा_माणूस

भाऊ, त्या कॉम्प्युटरचा सेल चाळीस-पन्नास रुपयांत येते, मोबाइलच्या दुकानात बी भेटते. चारही सेंटरचे आधी बदलून टाका. अन् पह्यल्या हंगामात भिंतीवर बी लिहीत जा, संध्याकाळी मिळवून पाहा.

वावरातला_डेव्हलपर, राळेगाव

दोन जुन्या कॉम्प्युटरचे सेल उद्याच बदलतो. खडूचा डबा घेतला.